भुयाराचा नकाशा आणि खेळाडूचा हात

भुयारात शिरून वाट शोधण्याच्या संगणकीय खेळांचा इतिहास बहुधा चित्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. नकाशाच्या अंगाने पाहिले असता तो निराळा दिसतो.

१९८१ साली अमेरिकेत अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्डरी’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यातील भुयाराला १० मजले असून प्रत्येक मजला २० × २० घरांचा होता. पडद्यावर केवळ समोरचा भाग दिसे. म्हणून खेळाडू चौकटींच्या कागदावर पेन्सिलीने नकाशा काढीत. पुढे ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ (१९९२) यासारख्या खेळांत हे काम यंत्राकडे गेले. श्रम वाचले, परंतु वाट स्वतः नोंदून ती आपलीशी करण्याची क्रियाही त्याबरोबर गेली.

जपानमध्ये ‘विझर्डरी’ची परंपरा रुजली होती. तेथे २००७ साली ॲटलसने निन्टेंडो डीएस या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘सेकाइजू नो मेइक्यू’, म्हणजे ‘विश्ववृक्षाचा भूलभुलैया’, हा खेळ काढला. काझुया नीनो त्याचे दिग्दर्शक होते. या यंत्राच्या वरच्या पडद्यावर वाट दिसे. खालच्या स्पर्शपटलावर खेळाडूने भिंती व दारे स्वहस्ते रेखाटावयाची असत. कागद गेला, हात राहिला.

२०२३ साली मालिकेतील पहिले तीन खेळ एकाच पडद्यावर खेळण्यासाठी पुन्हा निघाले. त्यांतही नकाशा रेखाटण्याची सोय राखण्यात आली. परंपरेचे मूळ यंत्रात नसून खेळाडूच्या कृतीत आहे, हेच यावरून दिसते.