मिळालेले नाव, घेतलेले नाव

इंद्रायणीकाठच्या तळवड्याच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि जवळच देहूरोड. कारखाने व संगणक कंपन्यांच्या या पट्ट्यात ‘धर्म’ हा शब्द बहुतेकांना अर्जातील एका रकान्यापुरता भेटतो. त्या रकान्यात लिहिली जाणारी नावे आली कोठून आणि अध्यात्माशी त्यांचे नाते किती, हे आम्हांला या परिसराच्याच साक्षीने तपासावेसे वाटते.

‘हिंदू’ हे मुळात धर्माचे नाव नव्हेच. ‘सिंधू’ या नदीनामातील ‘स’चा इराणी भाषांत ‘ह’ झाला. इ. स. पूर्व ५०० च्या सुमारास इराणी सम्राट दारयवहू याच्या शिलालेखांत ‘हिंदुश’ हा एक प्रांत म्हणून येतो. म्हणजे नाव भूगोलाचे, आणि तेही परक्यांच्या तोंडचे. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला. त्यातील ‘तुर्क’ हेही मुळात वंशवाचक नाव. अशा सैल नावांना एकोणिसाव्या शतकातील जनगणनेच्या तक्त्यांनी ताठपणा आणला. एका माणसाला एकच रकाना उरला.

‘वारकरी’ हे नाव मात्र निराळ्या जातकुळीचे. वारी करतो तो वारकरी. येथे ओळख मताने नव्हे, आचरणाने ठरते. म्हणूनच सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठी संतमालिकेत सहज सामावले.

मग धर्मनामे ही केवळ टरफले मानावीत काय? या घाईच्या निष्कर्षाला देहूरोड आडवा येतो. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. १९५१ च्या जनगणनेत देशातील बौद्ध दोन लाखांहून कमी होते. १९६१ मध्ये ते सुमारे साडेबत्तीस लाख झाले. या नावाची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे धर्मांतरित बौद्ध केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींना मुकले; त्या त्यांना १९९० मध्ये मिळाल्या.

ज्याला जन्माने सन्मानाचे नाव मिळाले, त्याला ‘नावात अडकू नये’ असा उपदेश करणे सोपे असते. ज्याच्या कपाळी इतरांनी अवहेलनेचे नाव लिहिले, त्याच्यासाठी नवे नाव घेणे हीच आत्मशोधाची पहिली पायरी ठरते. मात्र ती पहिलीच. बाबासाहेबांनी नावासोबत बावीस प्रतिज्ञाही दिल्या; त्यांत चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे अशी आचरणाची बंधने आहेत. येथे देहू आणि देहूरोड एकमेकांजवळ येतात. दोन्हीकडे नाव चालवावे लागते, नुसते लावून भागत नाही.

रकान्यात काय लिहिले, यावरून माणसाचा इतिहास कळेल. त्याचे अध्यात्म कळण्यासाठी, त्या नावाने त्याच्याकडून काय करवून घेतले, हेच विचारावे लागेल.