निळाईचा हिशेब

आकाशाचे छायाचित्र आणि हवामानाच्या नोंदी एकत्र मांडून हवेच्या मलिनतेचा अदमास घेण्याची रीत आज नवी म्हणून मिरवली जात असली, तरी तिचे मूळ शोधू गेल्यास आपण अठराव्या शतकातील जिनिव्हा नगरीत जाऊन पोहोचतो. तेथील निसर्गशास्त्रज्ञ होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर ३ ऑगस्ट १७८७ रोजी माँ ब्लाँच्या शिखरावर चढला, तेव्हा त्याच्या सरंजामात वायुभारमापकाच्या जोडीला निळ्या रंगाच्या निरनिराळ्या छटांचे कागदही होते. पुढे त्याने श्वेतापासून कृष्णापर्यंत ५३ छटांचे जे वर्तुळाकार नीलमापक सिद्ध केले, त्याच्या हिशेबाने शिखरावरची निळाई ३९ अंशांची ठरली.

छटाछटांत अंतर किती असावे, हा प्रश्न त्याने चित्रकाराच्या मर्जीवर सोपवला नाही. ठराविक आकाराचा काळा ठिपका ज्या अंतरावरून दिसेनासा होतो, त्याच अंतरावरून ज्या दोन छटांतील भेद लोपतो, त्याच छटा एकमेकींशेजारी बसवाव्यात, असा दंडक त्याने घातला. हेतू हा की परमुलखातील कोणाही निरीक्षकाला तीच पट्टी पुन्हा रंगवून आपल्या आकाशाची रुजवात घेता यावी. अलेक्झांडर फोन हुम्बोल्टने हे नीलमापक दक्षिण अमेरिकेत नेले आणि १८०२ साली चिंबोराझोच्या उतारावर ४६ अंशांची नोंद केली. मला मात्र या विक्रमापेक्षा अधिक मोलाची वाटते ती सोस्यूरची दुसरी करामत: मानवी केसाच्या आकुंचन-प्रसरणावर चालणारा आर्द्रतामापक त्यानेच १७८३ साली प्रसिद्ध केला होता, आणि आकाशाचा फिकटपणा हवेतील बाष्पांच्या दाखल्याने पारखावा, ही दृष्टी त्याच्या ठायी आरंभापासून होती.

निळाईची उपपत्ती पुढे टिंडल आणि रॅले यांनी प्रकाशाच्या विकिरणातून लावली. कारखान्यांच्या युगाला मात्र निळाईहून काजळीची चिंता अधिक होती. पॅरिसच्या मॅक्सिमिलियन रिंगेलमानने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांच्या जाळ्या आखून धुराच्या काळेपणाचे तक्ते तयार केले. दुरून पाहता रेषा एकजीव होऊन करडी छटा दिसे, आणि तिच्याशी धुराड्यातील धूर ताडून पाहिला जाई. आपल्याकडेही बंगालात १९०५ साली आणि मुंबई इलाख्यात १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदे झाले. तक्त्याची ही पद्धत सोपी खरी. पण तिने धुराड्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या काळिम्याचीच तेवढी दखल घेतली, डोळ्यांना न दिसणारे वायू आणि दूरवर पसरून विरळ झालेला धूर तिच्या दप्तरी कधी दाखलच झाला नाही.

हा विरळ धूर पकडण्यासाठी आता छायाचित्रातील निळ्या आणि तांबड्या प्रकाशाचे प्रमाण काढतात, सूर्याची उंची, आर्द्रता व वारा यांची त्याला जोड देतात, आणि जमिनीवरील मापनकेंद्राच्या आकड्यांशी ते पडताळून पाहतात. आर्द्रतेवाचून हा हिशेब फसतो, कारण दमट हवेत बरेच कण पाणी शोषून फुगतात आणि तेवढ्याच धुळीचे आकाश अधिक पांढुरके दिसते. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात तर ही चूक सहज घडावी. त्यातून आजचा कॅमेरा चित्र सुंदर दिसावे म्हणून रंगांचा तोल परस्पर बदलून ठेवतो. यावर उपाय सोस्यूरच्याच धर्तीचा आहे: चौकटीच्या कडेला ज्ञात रंगाची पट्टी धरावी, आणि तीसह आकाश टिपावे.