पुढच्या मीटिंगला बघू : समुद्रकिनाऱ्यावरच्या एका सोसायटीचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. बोलण्याच्या ओघातले चार-दोन ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकायला एकदम रटाळ आहे : सोसायटीची कमिटी. लढाया नाहीत, राजे नाहीत. मिनिट्स आहेत, मेंटेनन्स आहे, आणि जनरल बॉडीत मागच्या रांगेतून येणारा तो ओळखीचा आवाज आहे, “एवढे पैसे कशाला?” पण या रटाळ गोष्टीच्या शेवटी ९८ माणसं गेली.

२४ जून २०२१. अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य, मायामीला लागून सर्फसाइड नावाचं छोटं गाव. अगदी समुद्राला लागून १२ मजल्यांची, १३६ फ्लॅट्सची इमारत, नाव चॅम्प्लेन टॉवर्स साउथ. रात्री साधारण १ वाजून २२ मिनिटांनी तिचा मोठा भाग कोसळला. भूकंप नव्हता, वादळ नव्हतं, स्फोट नव्हता. लोक झोपले होते.

इमारतीत काहीतरी बिघडलंय हे कमिटीला माहीत होतं. इंजिनिअरचा रिपोर्ट जवळजवळ पावणेतीन वर्षांपूर्वी आला होता. मग अडलं कुठे? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

फ्लॅट तुमचा, पण भिंत कुणाची?

आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीत इमारत संस्थेची असते आणि तुम्ही तिचे सभासद. कपाटात ते शेअर सर्टिफिकेट असतं ना, ते त्याचंच. अमेरिकेतही अशा को-ऑपरेटिव्ह इमारती होत्या, विशेषतः न्यूयॉर्कमध्ये. पण विसाव्या शतकाच्या मध्यात दुसरी पद्धत आली, कॉन्डोमिनियम. यात फ्लॅटची मालकी थेट तुमच्या नावावर. जिना, गच्ची, पाया, पार्किंग, स्विमिंग पूल या सगळ्यात प्रत्येकाचा अविभाज्य हिस्सा. आणि ही सामायिक मालमत्ता सांभाळायला मालकांची एक असोसिएशन, जिचं बोर्ड मालकच निवडून देतात.

१९५८ मध्ये प्वेर्तो रिकोने यासाठी कायदा केला. १९६१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने अशा फ्लॅट्सच्या गृहकर्जाला विमा द्यायला सुरुवात केली, आणि मग राज्याराज्यांत कायदे आले. फ्लोरिडाचा आला १९६३ मध्ये. उत्तरेकडच्या थंडीला कंटाळलेले निवृत्त लोक, घरोघरी पोचलेला एसी आणि खिडकीतून दिसणारा अटलांटिक. बिल्डरांना अजून काय हवं होतं? किनाऱ्याने टॉवर्सची रांग लागली. चॅम्प्लेन टॉवर्स साउथ १९८१ मध्ये बांधून झाला.

या व्यवस्थेत एक मेख होती. सुरुवातीला असोसिएशन बिल्डरच्या हातात असते आणि त्याला फ्लॅट विकायचे असतात. त्यामुळे मासिक वर्गणी जेवढी कमी दाखवता येईल तेवढी बरी. काही काळाने तो चाव्या देऊन जातो, आणि १२ मजल्यांच्या काँक्रीटची जबाबदारी येते शेजाऱ्यांवर. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी वकील, कुणी व्यापारी. बिनपगारी.

१९७४ चा धडा

किनाऱ्यावरची इमारत कशी मरते, हे मायामीला आधीच कळलेलं होतं. ५ ऑगस्ट १९७४ रोजी शहराच्या मध्यभागी अमलीपदार्थविरोधी खात्याच्या ऑफिसची इमारत कोसळली. ती १९२५ ची होती आणि तिच्या गच्चीवर गाड्या पार्क होत. सात जण गेले. काँक्रीटच्या वाळूतच मीठ होतं आणि आतलं लोखंड सडलं होतं, असं पुढे आलं.

त्यानंतर मायामी-डेड काउंटीने नियम केला : इमारत ४० वर्षांची झाली की इंजिनिअरकडून तपासून घ्यायची, आणि मग दर १० वर्षांनी. त्या काळासाठी हा नियम पुढारलेला होता. पण ४० वर्षं म्हणजे किती मोठा काळ आहे बघा. १९८१ च्या इमारतीचा नंबर लागणार २०२१ मध्ये.

मीठ, पाणी आणि सपाट स्लॅब

थोडं इंजिनिअरिंग, फार नाही. समुद्राच्या हवेतलं मीठ पाण्यासोबत काँक्रीटमध्ये झिरपतं आणि आतल्या सळया गंजायला लागतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी सज्जाखाली हे पाहिलेलं असतं : आधी बारीक चीर, मग तांबूस डाग, मग पोपडा पडतो आणि सळई उघडी. चिरेतून आणखी पाणी जातं, म्हणून हे नुकसान दरवर्षी सारख्या वेगाने होत नाही. ते वेग घेतं.

सर्फसाइडच्या या इमारतीत खाली पार्किंग होतं आणि त्याच्या डोक्यावर पूल डेक, म्हणजे तलावाभोवतीची मोकळी जागा. २०२१ ला ४० वर्षं भरणार, म्हणून असोसिएशनने २०१८ मध्येच एका इंजिनिअरिंग कंपनीला बोलावलं. ऑक्टोबर २०१८ च्या रिपोर्टमध्ये मुख्य दोष स्पष्ट होता : डेकखालचं वॉटरप्रूफिंग उतार न ठेवता सपाट घातलंय. त्यामुळे पाणी वाहून न जाता साचतं. खालच्या स्लॅबचं मोठं नुकसान झालंय, आणि ते वेळीच दुरुस्त केलं नाही तर झपाट्याने वाढेल. खर्चाचा अंदाज सुमारे ९१ लाख डॉलर.

इथे प्रामाणिक राहायला हवं. इमारत लवकरच पडेल असं त्या रिपोर्टमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. आणि पुढच्याच महिन्यात नगरपालिकेच्या एका अधिकाऱ्याने रहिवाशांच्या बैठकीत इमारत चांगल्या स्थितीत असल्याचं सांगितलं, अशी मिनिट्समध्ये नोंद आहे. आता तुम्ही तिथे बसलेले एक मालक आहात असं समजा. एका हातात न समजणारा तांत्रिक रिपोर्ट, दुसरीकडे सरकारी माणूस म्हणतोय सगळं ठीक आहे. तुम्ही कुणावर विश्वास ठेवाल? जो फुकट आहे त्याच्यावर.

खर्च पुढे ढकलण्याचा कायदेशीर हक्क

फ्लोरिडाच्या कायद्यात दुरुस्तीसाठी राखीव निधी ठेवण्याची तरतूद होती. पण त्याच कायद्यात पळवाटही होती. सभेत मालकांनी बहुमताने ठरवलं, तर त्या वर्षी निधी कमी भरायचा किंवा अजिबात नाही भरायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच मतदान. २००८ मध्ये राज्याने तीन मजल्यांपेक्षा उंच कॉन्डो इमारतींची दर पाच वर्षांनी इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडून तपासणी आणायचा प्रयत्न केला. २०१० मध्ये तो नियमच रद्द झाला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे याला ‘टेक्निकल डेट’ म्हणतात. पण कोडमध्ये उधारी करणारी आणि फेडणारी टीम निदान एकाच कंपनीत असते. इमारतीत तसं नसतं. ८० वर्षांच्या आजींना वाटतं, ही दुरुस्ती माझ्या हयातीत कशाला. गुंतवणूकदाराला दोन वर्षांत फ्लॅट विकायचाय. ज्याने कर्ज काढून घेतलाय त्याच्याकडे या महिन्यात पैसे नाहीत. ‘नको’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचं कारण वेगळं आणि समजण्यासारखं. बिल मात्र शेवटी जो घरात असेल त्याच्या नावावर.

२०१९ च्या शरद ऋतूत बोर्डाच्या सात सदस्यांपैकी पाच जणांनी काही आठवड्यांत राजीनामे दिले. तेव्हाच्या अध्यक्षांनी पत्रात कारणं लिहिली : अहंकाराच्या लढाया, एकमेकांना खाली खेचणं, अफवा. वाचताना वाटतं, अरे, हे तर आपल्याच सोसायटीचं व्हॉट्सअ‍ॅप!

९१ लाखांचे दीड कोटी

एप्रिल २०२१ मध्ये बोर्डाच्या नव्या अध्यक्षांनी मालकांना सविस्तर पत्र पाठवलं. २०१८ च्या पाहणीनंतर पार्किंगमधलं नुकसान बरंच वाढलंय, काँक्रीट खराब होण्याचा वेग वाढतोय, आणि यातलं बरंच काम मागच्या वर्षांतच हाती घेता आलं असतं, असा त्याचा आशय. एकूण खर्च आता दीड कोटी डॉलर, तेव्हाच्या दराने ११० कोटी रुपयांच्या आसपास. राखीव निधीत होते जेमतेम सात लाख डॉलर.

मग प्रत्येक फ्लॅटवर विशेष वर्गणी बसली. एका बेडरूमच्या फ्लॅटला ८०,१९० डॉलर, म्हणजे साधारण ६० लाख रुपये. वरच्या पेंटहाउसला ३,३६,१३५ डॉलर, अडीच कोटींच्या जवळपास. एकरकमी नाहीतर १५ वर्षांच्या हप्त्यांनी. आरडाओरडा झालाच, पण या बोर्डाने ठराव मंजूर करून घेतला. गच्चीचं काम सुरूही झालं होतं.

पैसे भरायची तारीख होती १ जुलै २०२१. इमारत पडली २४ जूनला.

मी एक साधा हिशेब करून बघितला. दीड कोटी डॉलर १३६ फ्लॅट्समध्ये वाटले तर सरासरी १ लाख १० हजार. तेच ४० वर्षांत, म्हणजे ४८० महिन्यांत वाटले तर महिना सुमारे २३० डॉलर. व्याज आणि महागाई बाजूला ठेवलीय. पण समुद्राकाठी फ्लॅट घेणाऱ्या बहुतेकांना परवडेल अशी ही रक्कम आहे. एका पत्राने ६० लाख मागितले की तो धक्का असतो.

ढिगाऱ्यानंतर

एनआयएसटी या अमेरिकी सरकारी संस्थेने तपास हाती घेतला. टॉवरच्या काही मिनिटं आधी पूल डेक खचल्याचं त्यात दिसून आलं. मूळ डिझाइनच तेव्हाच्या नियमांपेक्षा कमजोर होतं, काही ठिकाणी फारच. त्यावर नंतर झाडांचे जड वाफे, वाळू आणि फरशांचं वजन चढलं. म्हणजे चूक १९८१ च्या आधीपासून होती, आणि ४० वर्षांत नीट तपासणी हीच ती पकडायची संधी होती.

वारस, जखमी आणि मालकांसाठी १ अब्ज डॉलरहून मोठी तडजोड २०२२ मध्ये कोर्टाने मंजूर केली. ती जमीन दुबईच्या एका बिल्डरने १२ कोटी डॉलरना घेतली.

मे २०२२ मध्ये फ्लोरिडाने कायदा बदलला. तीन किंवा अधिक मजल्यांच्या कॉन्डो इमारतींची ३० वर्षांनी तपासणी, किनाऱ्याजवळ २५ वर्षांनी, आणि पुढे दर १० वर्षांनी. ढाच्याच्या दुरुस्तीचा निधी मतदानाने टाळण्याची मुभा २०२४ च्या अखेरीनंतर बंद. परिणाम? वर्गण्या भडकल्या, पेन्शनवर जगणाऱ्या अनेकांना घर विकायची वेळ आली, आणि २०२५ मध्ये सरकारला निधी भरण्याच्या काही अटी सैल कराव्या लागल्या. जुनी उधारी एकदम वसूल करायला गेलं की असंच होतं. त्यामुळे आज चिडलेल्या मालकाला मी लगेच खलनायक म्हणणार नाही.

आणि आपल्याकडे?

योगायोग बघा, ज्या १९६३ मध्ये फ्लोरिडाचा कॉन्डो कायदा आला, त्याच वर्षी महाराष्ट्रात मालकी हक्काच्या फ्लॅट्सचा कायदा आला, आपण ज्याला ‘मोफा’ म्हणतो तो. आपल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायला सांगितलंय. कागदावर आपण फ्लोरिडापेक्षा कडक आहोत.

आता पैशांचं बघू. सिंकिंग फंडाची किमान वर्गणी आहे फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्के, आणि दुरुस्ती निधीची ०.७५ टक्के. बांधकाम खर्च कुठला? इमारत बांधली तेव्हाचा. समजा १९८५ मध्ये एका फ्लॅटच्या बांधकामाला १ लाख रुपये लागले, तर किमान सिंकिंग फंड वर्षाला २५० रुपये. वर्षाला! दुरुस्ती मात्र आजच्या भावाने होणार. ही किमान रक्कम आहे, जनरल बॉडी ती वाढवू शकते. पण वाढवा म्हणणारा माणूस पुढच्या निवडणुकीत पडतो.

तुम्ही विशी-तिशीत असाल तर फ्लॅट बहुधा आई-बाबांच्या नावावर आहे आणि जनरल बॉडीला तेच जातात. या वेळी जाताना त्यांना तीन प्रश्न देऊन पाठवा : शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? त्यात सांगितलेल्यापैकी किती कामं झाली? आणि सिंकिंग फंडात आज किती रुपये आहेत? उत्तरं मिनिट्समध्ये लिहून घ्यायला सांगा. आणि कमिटीवरचे काका वर्गणी वाढवायचा विषय काढतील, तेव्हा त्यांचं म्हणणं निदान पूर्ण ऐकून घ्या. सर्फसाइडच्या शेवटच्या बोर्डाने नेमकं हेच नावडतं काम केलं होतं. त्यांच्या आधीच्या सभांनी ते पुढे ढकललं होतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या सोसायटीत ही तीन उत्तरं काय मिळाली ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.