बेंचवरचा अमोल

आयटीत दोन महिने बेंचवर काढले की माणूस रेझ्युमे अपडेट करायला घेतो. अमोल मुजुमदारचं बघा. १९८८ साली शाळेच्या सामन्यात तेंडुलकर-कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते आणि पुढचा नंबर असलेला हा नुसता पॅड बांधून बसलेला! १९९४ मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पणातच २६० धावा. पण सचिन होताच, १९९६ मध्ये द्रविड, गांगुली, लक्ष्मणही कसोटी संघात आले. यातलं कुणाला काढणार होतात? निवड समिती चुकली असं म्हणायचीही सोय नाही, त्रास त्याचाच होतो. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, भारताकडून सामने शून्य.

२०२५ चा महिला विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक हाच. फायनलची सामनावीर शफाली वर्मा मूळ संघात नव्हती. प्रतीका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावलं होतं.