ओएस/२ आणि विंडोज : एका पराभवाची मीमांसा

आयबीएमची ओएस/२ आणि मायक्रोसॉफ्टची विंडोज या वैयक्तिक संगणकाच्या दोन कार्यप्रणाली. त्यांच्या स्पर्धेचे वृत्त सामान्यतः दोन प्रकारांनी सांगितले जाते. एक पक्ष म्हणतो, सरस प्रणाली हरली आणि निकृष्ट प्रणाली व्यापारी डावपेचांच्या बळावर जिंकली. दुसरा पक्ष म्हणतो, ग्राहकांनी जी निवडली तीच सरस. दोन्ही पक्ष निकालावरून कारणे ठरवितात. घटनांच्या क्रमाकडे मात्र दोहोंचेही दुर्लक्ष होते. तो क्रम तपासला असता ओएस/२च्या पराभवाचे मूळ तिने स्वीकारलेल्या दोन बांधिलकींत सापडते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, आरंभी या प्रणाली प्रतिस्पर्धी नव्हत्याच. १९८१च्या ऑगस्टात आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक जाहीर झाला, तेव्हा त्यासाठी डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्टनेच पुरविली होती. डॉस सामान्यतः एका वेळी एकच आज्ञावली चालवी, आणि तिची नेहमीची स्मृतिमर्यादा ६४० किलोबाइटांची होती. ही बंधने ओलांडणारी प्रणाली एकत्रितपणे सिद्ध करण्याचा करार उभय कंपन्यांनी १९८५च्या ऑगस्टात केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डॉसवर चालणारी विंडोजची पहिली आवृत्ती निघाली. परंतु तिचा फारसा प्रसार झाला नाही. भविष्य ओएस/२चे, अशीच तेव्हा धारणा होती.

ओएस/२ एप्रिल १९८७ मध्ये घोषित होऊन डिसेंबरात उपलब्ध झाली. येथे पहिली बांधिलकी आडवी आली. इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर १९८५ पासूनच अस्तित्वात होता, आणि डॉसच्या अनेक आज्ञावली परस्परांपासून अलग ठेवून चालविण्याची सोय त्यात होती. परंतु जुन्या ८०२८६ प्रोसेसरचे संगणक घेतलेल्या ग्राहकांस नवी प्रणाली मिळालीच पाहिजे, असा आयबीएमचा आग्रह होता. हा प्रोसेसर एकदा संरक्षित अवस्थेत गेला की त्याला डॉसच्या अवस्थेत परत आणण्याचा सरळ मार्ग नव्हता. परिणामी ओएस/२मध्ये डॉसची एकच आज्ञावली, तीही अडखळत, चाले. शिवाय पहिल्या आवृत्तीत चित्रमय पडदा नव्हता. तो १९८८ मध्ये आला. नव्या प्रणालीस स्मृती अधिक लागे, आणि नेमक्या त्याच वर्षी स्मृतीच्या चिपांची टंचाई होऊन त्यांचे भाव चढले होते.

ही पोकळी विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीने मे १९९० मध्ये भरून काढली. तांत्रिक दृष्ट्या ती दुबळी होती. तिच्या आज्ञावलींनी आपण होऊन एकमेकींस वाट द्यावयाची असे, आणि एक अडली की सर्वच काम खोळंबे. परंतु ती डॉसवरच चालत असल्यामुळे ग्राहकास हाताशी असलेले काहीच टाकून द्यावे लागत नसे. या यशानंतर दोन्ही कंपन्यांची फारकत झाली. ओएस/२ची दुसरी आवृत्ती आयबीएमकडे राहिली. नियोजित तिसरीचे काम मायक्रोसॉफ्टकडे गेले.

एप्रिल १९९२ मध्ये पूर्ण झालेली ही दुसरी आवृत्ती खरोखरच प्रगत होती. कोणत्या आज्ञावलीस किती वेळ द्यावयाचा हे प्रणाली स्वतः ठरवी. तथापि ती निर्दोष नव्हती : कळफलक व माउस यांकडून येणाऱ्या सूचनांची रांग एकच असल्याने एक अडलेली आज्ञावली सबंध पडदा गोठवू शके. याहून महत्त्वाची होती तिची दुसरी बांधिलकी. विंडोजच्या आज्ञावली ओएस/२वरही चालतात, हे आयबीएमने तिचे मोठे भूषण म्हणून मिरविले. ग्राहकास ही सोय होती. पण आज्ञावली लिहिणाऱ्या कंपन्यांनी त्यातून वेगळाच बोध घेतला. विंडोजसाठी एकदा लिहिले की दोन्हीकडे विक्री होत असेल, तर ओएस/२साठी स्वतंत्र श्रम कोणी आणि का करावेत?

मायक्रोसॉफ्टच्या दडपणाचा मुद्दा यामुळे निकालात निघत नाही. अमेरिकेतील संघीय न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी ५ नोव्हेंबर १९९९ रोजी नोंदविलेल्या निष्कर्षांनुसार, आयबीएम स्पर्धा सोडीत नाही म्हणून तिला विंडोज ९५चा परवाना अडवून ठेवण्यात आला, व तो २४ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकाशन-समारंभास अवघी पंधरा मिनिटे उरली असता मिळाला. परंतु त्याच निष्कर्षांत असेही नमूद आहे की, ऐन भरात ओएस/२साठी सुमारे २,५०० आज्ञावली होत्या आणि बाजारातील वाटा १० टक्के होता. उलट विंडोजच्या आज्ञावलींची संख्या ७०,०००हून अधिक होती. एवढी दरी एका वर्षाच्या दडपणाने पडत नाही. दडपणाने पराभव पक्का केला. त्याची पायाभरणी मात्र १९८७ आणि १९९२च्या निर्णयांनी आधीच केली होती.

आयबीएमने ओएस/२चा सर्वसाधारण आधार २००६च्या अखेरीस थांबविला. तेव्हा सरस तत्त्व हरले असे म्हणावे काय? फारकतीनंतर मायक्रोसॉफ्टकडे गेलेल्या कामातूनच जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी निघाली, आणि २००१च्या विंडोज एक्सपीद्वारे तिचा गाभा घरोघरी पोहोचला. ज्या बंधमुक्तीसाठी १९८५चा करार झाला, ती अखेर साध्य झाली. मात्र तिच्यावर नाव प्रतिस्पर्ध्याचे लागले. म्हणून तत्त्वाचा जय आणि संस्थेचा पराजय यांचा हिशेब इतिहासकाराने निरनिराळा मांडला पाहिजे.