गप्प मुलाची नाडी
पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डीत शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. दोष मुलात शोधण्याआधी भोवताल तपासायचा, ही डहाणूची जुनी रीत.

स्वमग्न मुलांच्या वाट्याला ती उशिरा आली. तलासरीत असं मूल ‘हट्टी’ ठरलेलं मी पाहिलं आहे. लिओ कॅनरने १९४३ मध्ये स्वमग्नतेचं वर्णन केलं, तेही बाहेरून दिसणाऱ्या वागण्यावरून. १९६४ मध्ये हट दांपत्य आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवून आतल्या अतिउत्तेजनेचा तर्क मांडला. आता मनगटावरचा पट्टा नाडी आणि त्वचेवरचा घाम मोजतो. मूल गप्प बसलेलं, ठोके मात्र धावत असतात, असंही आढळतं. पण ठोके खेळण्यानेही वाढतात. त्या क्षणी भोंगा वाजला की पाहुणा आला, हे टिपणारं माणूस शेजारी लागतंच.