वाल्टर काउफमान आणि आपले राग

चेन्नईत मरीनाच्या किनाऱ्याजवळ आकाशवाणीचे केंद्र आहे. मद्रासचे हे केंद्र १९३८ साली सुरू झाले. तेथील श्रोत्यांच्या पिढ्यांनी पहाटेच्या तमिळ निवेदनापूर्वी जी धून ऐकली, तीच मुंबईच्या व नागपूरच्या श्रोत्यांनीही ऐकली. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनने छेडलेली ही धून शिवरंजनी रागाची आहे. हा राग उत्तरेकडे काफी थाटात धरतात; कर्नाटक पद्धतीत तो खरहरप्रिया या बाविसाव्या मेळाचा जन्य राग होय. ज्यांच्या नावे ही धून सर्वत्र सांगितली जाते ते वाल्टर काउफमान मात्र उत्तरेचे नव्हते आणि दक्षिणेचेही नव्हते.

काउफमान यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे एका जर्मनभाषक ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्यापाशी त्यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात पदवीसाठी प्रबंध सिद्ध असताना, आपले प्राध्यापक नाझी पक्षाचे पुरस्कर्ते आहेत हे कळताच त्यांनी ती पदवीच नाकारली. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीत त्यांना स्थान उरले नाही, आणि १९३४ साली ते मुंबईस आले.

मुंबईत त्यांनी पाश्चात्त्य वाद्यसंगीताची एक मंडळी स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात तिच्या बैठकी होत. झुबीन मेहतांचे वडील व्हायोलिनवादक मेहली मेहता तीत त्यांचे सहकारी होते. मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठीही काउफमान यांनी काम केले, आणि १९३७ ते १९४६ या काळात मुंबई आकाशवाणीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाची धुरा वाहिली.

पण या माणसाविषयी आदर वाटतो तो निराळ्या कारणाने. भारतीय संगीत प्रथम कानी पडले तेव्हा त्यांना त्याचा काहीच बोध झाला नाही. त्या काळच्या कित्येक युरोपीय पंडितांनी एवढ्यावरच निकाल देऊन टाकला असता! काउफमान यांनी विचार केला तो असा, की लक्षावधी माणसे ज्या संगीतात रमतात ते निरर्थक असू शकत नाही. उणीव असलीच तर ती आपल्या कानात असावी. मग ते ऐकत राहिले, टिपणे करीत राहिले. त्यांच्या मुंबईतील रचनांत पाश्चात्त्य घाट आणि भारतीय स्वर एकत्र नांदू लागले. ‘अनसूया’ हे त्यांचे संगीतनाट्य खास नभोवाणीसाठीच रचलेले होते.

या श्रवणाचे ग्रंथरूप फळ पुष्कळ उशिरा, ते अमेरिकेत प्राध्यापक झाल्यानंतर हाती आले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील ग्रंथ १९६८ साली आणि दक्षिणेच्या रागांवरील ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. येथे आपल्या पंडित भातखंड्यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९०४ साली ते दक्षिणेच्या यात्रेस निघाले, एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितारांना भेटले, आणि व्यंकटमखींची बहात्तर मेळांची योजना त्यांनी अभ्यासिली. काउफमान त्याच वाटेचे दूरदेशी प्रवासी होते.

या वाटेवर एक अडचण मात्र आहे, आणि ती लहान नाही. दक्षिणेच्या हनुमतोडी मेळाचे स्वर कागदावर मांडावेत, तर ते आपल्या भैरवी थाटाचेच स्वर निघतात. परंतु चेन्नईच्या एखाद्या सभेत तोडी ऐकणाऱ्या मराठी रसिकाला तीत भैरवी सापडेल काय? बहुधा नाही. तोडीचा गांधार स्थिर राहत नाही. तो कंपित होतो, आंदोलत राहतो, आणि त्या हेलकाव्यातच तोडी वसते. कागदावर त्याच्या जागी एक चिन्ह तेवढे उरते. काउफमान हे जाणून होते. म्हणूनच दक्षिणेवरील ग्रंथाला त्यांनी स्वरसप्तकांच्या सामग्रीची सूची असे उपशीर्षक दिले. विद्वानाला आपल्या ग्रंथाची मर्यादा मुखपृष्ठावरच सांगता यावी, हे मला त्या ग्रंथाइतकेच मोलाचे वाटते.

१९४६ साली त्यांनी भारत सोडला. कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे ते दहा वर्षे संचालक होते. नंतर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९८४ साली त्यांचे निधन झाले, तोवर संगीतकार म्हणून त्यांचा जगाला जवळजवळ विसर पडला होता. २०२० साली टोरांटोच्या एका वादकसंचाने त्यांच्या काही रचनांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले, आणि विलिंग्डन जिमखान्याच्या त्या दिवसांतले संगीत पुन्हा ऐकावयास मिळू लागले.